उशिरा झालेलं बारसं

यजमान गेले आणि माझी पूजा सुटली. रागाने सोडली असं म्हणता येणार नाही. हातच तिकडे वळेनात. त्यांच्या आजारपणात जे मागितलं ते मिळालं नाही, आणि वर कुणी ऐकत असेल हा विश्वास हळूहळू मनातून निघून गेला. अशा अवस्थेत मी लेकीच्या, सईच्या बाळंतपणासाठी ओहायोत डब्लिनला आले. नातू झाला. हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच नर्सने सांगितलं की कानाच्या तपासणीत तो पास झालेला नाही. कधीकधी आत पाणी राहतं, पुन्हा तपासू. त्याच काळजीत बारसं लांबणीवर पडलं.

ते आठवडे मी नुसती त्याच्याकडे बघत होते. आधी त्याची नजर उजेडाकडे जायची, मग खिडकीच्या हलत्या पडद्याकडे, मग आमच्या तोंडांकडे. तेल लावताना घट्ट मिटलेल्या मुठी एकेक बोट करून सुटायला लागल्या. पालथं घातलं की मान क्षणभर उचलायचा आणि दमून गाल टेकायचा. सगळं वेळच्या वेळी होत होतं, एक सोडून. एके दुपारी न राहवून मी त्याच्या गादीवर स्टीलचं ताट ठेवलं आणि चमच्याने जोरात वाजवलं. तो दचकला.

"सई, अगं ऐकतो हा!" मी ओरडले. ती हातातलं टाकून धावत आली, हसली, रडली, जावयांना, निखिलना ऑफिसात फोन लावला, बारशाचा शनिवारही ठरवून टाकला. गादी हादरली म्हणून तो दचकला होता, हे पुढे तज्ज्ञ डॉक्टरांकडे कळलं. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आधी कानाचं मशीन लावू, मग ऑपरेशनचा विचार करू, असं डॉक्टरबाई समजावत होत्या. घर आल्यावर सई म्हणाली, "आई, शनिवारचं बारसं कॅन्सल करू या. आत्या कानात नाव सांगणार. कुणाच्या कानात सांगणार, सांग ना?"

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना म्हणून निखिलना मंदिरात सोडायला सांगितलं. तिथेही हात न जोडता मागच्या भिंतीशी बसून राहिले. समोर एक तेलुगू बोलणारं कुटुंब होतं. वडिलांनी लहान मुलीला उचलून घंटेपाशी नेलं. तिच्या कानांमागे गुलाबी मशिनं दिसत होती. त्यांनी घंटा वाजवली आणि पोरीने लगेच दोन्ही तळहात घंटेला लावले. नाद विरेपर्यंत ती तशीच राहिली, मग खुदकन हसली आणि पुन्हा वाजवा म्हणून पाय झाडू लागली. मी टक लावून बघतेय हे त्या गृहस्थांच्या लक्षात आलं. "मशीन नव्हतं तेव्हापासून असंच करते, आंटी. आम्ही नाही शिकवलं," ते इंग्रजीत म्हणाले. मी त्यांना नातवाबद्दल सांगितलं. इतके दिवस कुणाजवळ बोलले नव्हते तेवढं सगळं. ते शांतपणे ऐकत राहिले. "त्याला अंगाशी धरून बोला," एवढंच म्हणाले. प्रसाद घेऊन ते निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. नंतर ते कधी दिसले नाहीत.

घरी येऊन मी म्हटलं, बारसं होणार.

निखिलची बहीण केतकी ॲन आर्बरहून आली. "काकू, मी नक्की करू काय? कानात सांगायचं ना?"

"कानातच सांग. फक्त पाळण्यावर वाकू नकोस. त्याला उचलून छातीशी घट्ट धर."

"आणि धपाटे?"

"ते तर आत्याला चुकत नाहीत."

"हळू हं मग. एवढं ड्राइव्ह करून आलेय, पाठीचे आधीच बारा वाजलेत."

केतकीने बाळाला उराशी धरलं, ओठ त्याच्या कानाला टेकवले आणि "कुर्रर्रर्र" म्हणाली. या वेळी जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पण कुणाचाच हात उठेना. बाळाला ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात सई पुढे झाली आणि तिने नणंदेच्या पाठीत असा काही धपाटा घातला की केतकी ओरडली, "आई गं! वहिनी, सूड घेतेस काय?" सगळ्या हसल्या आणि मग सगळ्यांचेच हात पडू लागले. ते धपाटे केतकीच्या अंगातून बाळापर्यंत पोचत होते. त्याचे डोळे मोठे झाले. मूठ सुटली, तळवा तिच्या गळ्यावर सपाट टेकला. "ईशान," ती म्हणाली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि बोळकं पसरून हसला. "परत म्हण," सई म्हणाली. "परत म्हण ना गं." आवाज बसेपर्यंत केतकी ते नाव घेत राहिली.

त्यात चमत्कार होता का, हे मी कुणाला पटवत नाही. ईशानला आता मशीन लावलंय. ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही, भीतीही गेलेली नाही. त्याला पुढे किती ऐकू येईल हे माझ्या हातात नाही, आणि आताशा त्याचं ओझं वाटत नाही. त्या दिवशी मंदिरात ते बाप आणि लेक माझ्यासमोर आले, याबद्दल मी रोज मनोमन हात जोडते. सकाळी ईशानला छातीशी घेऊन मी त्याच्या आजोबांची एखादी आठवण सांगते. माझ्या गळ्याखाली तळवा ठेवून तो वाट बघतो. कुठवर पोचतं ते मी विचारत नाही. सांगत राहते. देवाशीही हल्ली माझं असंच बोलणं चालतं.