घडीतली छत्री

ताई भित्री म्हणूनच सगळ्यांना ठाऊक. झोपाळ्यावर बसायची नाही, घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा चाचपायची, आणि जन्मात कधी विमानात बसली नाही. अशा बाईनं नोकरी धरली ती पॅराशूटच्या कारखान्यात. काम कॉम्प्युटरवरचं. हवा कापडाला कशी फुगवते आणि फुगलेलं कापड हवेला कसं वळवतं, हे माणूस उडी मारायच्या आधीच पडद्यावर बघायचं. नव्यानं कामाला आलेल्यांना ती सांगायची, "हा नवराबायकोचा संसार आहे. एकट्याचं गणित मांडता येत नाही. एकानं ढकललं की दुसरा वाकतो, आणि तो वाकला की पहिल्याची वाट बदलते."

अडचण एकच होती. कापड पातळ. घडीत ते स्वतःलाच चिकटतं, वरचा पदर कुठला नि खालचा कुठला हे कॉम्प्युटरला कळेनासं होतं आणि गणित कोलमडतं. म्हणून तिथले सगळेच पॅराशूटची छत्री जराशी उघडलेली धरून पुढचा हिशेब करायचे. घडी सुटतानाचा पहिला क्षण कुणीच मांडत नसे. आजवर निभावून गेलं होतं.

मग नवी छत्री आली, आधीच्यापेक्षा पातळ कापडाची. पहिली उडी ताईच्या धाकट्या भावाची, कारण कारखान्याचा उडीवाला तोच.

ताईला जेवण जाईना. तिनं हट्टानं घडीपासून गणित मांडलं. पडद्यावर छत्री सुटली, एका बाजूची कड दुसऱ्या पदराखाली सरकली आणि तिथंच राहिली. छत्री वेड्यावाकड्या तोंडानं फुगली आणि खाली खाली गेली. गणितासाठी पाडलेले कापडाचे तुकडे तिनं आणखी बारीक केले, परत चालवलं. तेच. हे खरं की कॉम्प्युटरचा घोळ, हे तिलाच सांगता येईना.

मोठ्या साहेबांनी पडदा पाहिला. "कॉम्प्युटरमध्ये पदरातून पदर आरपार गेला असेल. नेहमीचंच आहे."

"असेल, सर."

"मग?"

"नसेल तर?"

शेवटी साहेबांनी माणसाआधी विमानातून पुतळा टाकून बघायचं ठरवलं.

भाऊ तणतणतच आला. "सगळे हसतायत मला. बहिणीला विचारून उडी मारतो म्हणे. लहानपणी झाडावर चढलो तरी खालून हाका मारायचीस."

"आणि तू पडायचास."

"दोनदाच."

"पुरे की मग."

मैदानावर ती त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानं पाठीवर पातळ कापडाची नवी छत्री चढवून ठेवलेली. पुतळा उतरला की लगेच मैदानातल्या दुसऱ्या विमानात चढायचं होतं. वरून वाळू भरलेला पुतळा तसलीच छत्री घेऊन सुटला. कापड बाहेर आलं आणि एका बाजूनं लोंबकळलं. कड पदराखाली अडकलेली, अगदी पडद्यावर दिसली तशी. पुतळा गरगरत खाली येत राहिला. मग कापडाला हिसका बसला, कड सुटली, छत्री भरली.

टाळ्या पडल्या. "उघडली की," साहेब म्हणाले. "चला, आता तुम्ही."

ताईची भीती एकदा सांगून झाली होती. दुसऱ्यांदा ती कोण ऐकणार? तिनं नुसती भावाची बाही धरली.

तो अजून वरच बघत होता. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला.

"ताई, तुझ्या पडद्यावर ती कड किती वेळानं सुटते?"

"सुटतच नाही."

साहेब हाक मारत होते. विमानाचा पंखा फिरत होता. त्यानं छत्री उतरवायला छातीवरच्या पट्ट्याला हात घातला, पण बोटं थरथरत होती, बकल निघेना.

"तू काढ," तो हळूच म्हणाला.

तिची बोटंही थरथरतच होती. तरी तिनं काढलं.