भुंगे आणि माझं तोंड

नाशिकच्या त्या अंधशाळेत नोकरी केलेले आम्ही चौघं भेटलो की कॉम्प्युटर रूमचे किस्से निघतातच. एकानं सुरू केला की दुसऱ्याला तीन आठवतात. मीही हसते. पण एका जागी येऊन अडते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शाळेला देणगीत एक कॉम्प्युटर मिळाला. मी बी.एस्सी. होऊन नुकतीच लागलेली. मैत्रिणीनं मला ऐकून खेळायच्या गेमची सीडी दिली होती. भुंगा डाव्या स्पीकरमधून गुणगुणला तर डावा बाण दाबायचा, उजव्यातून आला तर उजवा. चुकलात की डंख!

*

मॉनिटर मी बंदच ठेवायचे. बघणार कोण?

एकदा आमचे मुख्याध्यापक, मोठे सर, दारात आले. "कॉम्प्युटर तर बंद आहे. मग पोरं ओरडतायत कशाला?"

"भुंगे आलेत, सर!"

सरांनी शिपायाला हाक मारून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या!

*

मंगल चांदवडकडची, अकरा वर्षांची. शाळेत येऊन महिना झाला तरी शब्द बोलली नव्हती. वडील सांगून गेले होते, "दिवाळीपर्यंत रुळली तर ठीक, नायतर घरी नेतो."

एकदा शिपायानं टेबल पुसलं आणि त्या दिवशी सगळेच हरायला लागले. मी सीडी पुसली, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. काही नाही! मागून बारीक आवाज आला, "बाई, आवाजाचे डबे उलटे ठेवलेत. डावा उजवीकडं गेलाय."

मंगल! त्यानंतर ती थांबेचना. जेवताना भुंगे, अंघोळीला भुंगे. वसतिगृहाच्या काकू म्हणाल्या, "बाई, हिचं बंद करायचं बटण कुठंय?"

*

मग संस्थेचे अध्यक्ष, अण्णासाहेब, देणगीदारांना घेऊन आले. "खेळ कसले शिकवता? टायपिंग शिकवा. पोटापाण्याला उपयोगी पडेल."

मंगल बोलायला लागलीय, एवढंच सांगायचं होतं. मी काय बोलले? "डोळे बांधून एक डाव खेळून दाखवा, मग सांगा!"

देणगीदारांसमोर नाही कसं म्हणणार? बसले बिचारे उपरणं बांधून. दहा सेकंदांत डंख!

मंगलनं काळजीनं विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येत नाय का?"

आमच्यात हा किस्सा सगळ्यात जास्त चालतो. दुसऱ्या दिवशी रूमला कुलूप लागलं, हे कुणी सांगत नाही.

*

मोठे सर म्हणाले, "माफीच्या दोन ओळी लिहा, मॅडम. अण्णासाहेबांकडून चावी मी आणतो."

"चूक त्यांची, माफी माझी?"

"चावी पोरांची," सर म्हणाले.

म्हातारे असंच बोलतात, असं मनाशी म्हणत मी उठून गेले. मंगल पुन्हा गप्प झाली. दिवाळीला वडील आले आणि तिची पेटी घेऊन गेले. माफीचं पत्र लिहीन लिहीन म्हणता राहिलं. खरं म्हणजे मी लिहिलंच नाही.

*

उन्हाळ्यात तिच्या गावी गेले. कांद्याच्या चाळीमागं चार पोरं डोळ्यांना फडकी बांधून बसलेली. मंगल त्यांच्याभोवती फिरत तोंडानं गुणगुणत होती. ज्याचा हात चुकला, त्याला चिमटा! "आउट! लय आंधळे हाय तुम्ही!"

मी खाकरले. ती थबकली. "बाई? बसा. पण आधी डोळे बांधा."

मी ओढणी बांधली. भुंगा लांब फिरला, मग डाव्या कानाशी आला. मी डावा हात वर केला.

गुणगुण थांबली.

"बाई, कुलूप निघालं का?"