सुमनबाईंची उगवलेली दाढ

सुमनबाईंची दाढ उगवली होती.

वय सत्तावन्न. उजवीकडची खालची मोठी दाढ. माझ्या हातातल्या तक्त्यात तिच्यावर काट मारलेली होती, म्हणजे दाढ काढलेली आहे. आणि समोरच्या उघड्या तोंडात ती होती. चांगली धडधाकट होती. पंचवीस वर्षं मी दातांची डॉक्टर आहे. दुधाचे दात पडून नवे येतात, अक्कलदाढ उशिरा येते, इथवर मला माहीत आहे. सत्तावन्नाव्या वर्षी, तीन महिन्यांत, गेलेली दाढ परत आल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"सुमनबाई, ही दाढ काढली होती ना?"

"व्हय, काढली व्हती."

"मग ही कोणती?"

त्यांनी जिभेनं दाढ चाचपून पाहिली, जणू त्यांनाही आत्ताच कळत होतं. "आली असंल की परत."

"अशी कशी येईल?"

"तुमच्या ब्रशानं आली असंल, म्याडम. तुमी दिलेला ब्रश लई गुणाचा हाय."

आखाडा बाळापूरच्या जवळच्या एका गावातली शाळा. रविवार असल्यानं एक वर्ग आम्हाला मिळाला होता. थंडीचे दिवस. बाहेर व्हरांड्यात बायकांची रांग, आणि नावं पुकारायला गावच्या आशा कार्यकर्त्या वंदनाताई. रक्त तपासायचं होतं म्हणून सगळ्याजणी उपाशीपोटी आलेल्या.

आमचं काम काय होतं ते सांगते. हिरड्या सुजलेल्या असल्या की मधुमेहाची साखर आटोक्यात यायला त्रास होतो, आणि साखर चढलेली राहिली की हिरड्या आणखी बिघडतात. एकमेकांना धरून दोन्ही आजार वाढतात. हिरडीच्या खाली साचलेलं कीट नीट खरवडून काढलं तर साखर उतरायला थोडी मदत होते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसायला लागलंय. आपल्याकडच्या, वर्षानुवर्षं मिसरी लावणाऱ्या मधुमेही बायकांत ते कितपत होतं, हे एका दंतमहाविद्यालयाला बघायचं होतं. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. कुलथे सर. गावोगाव फिरून मोजमाप करणारी मी.

अशा अभ्यासात दोन गट करतात. एका गटाची सफाई लगेच, दुसऱ्याची तीन महिन्यांनी. कोण कुठल्या गटात, हे बंद लिफाफा ठरवतो. लिफाफाच का? तर मी निवडायला बसले असते तर ज्यांच्या हिरड्या जास्त खराब, त्यांना मी आधी घेतलं असतं. माणसाचा हात तिकडेच जातो. पण मग शेवटी दिसलेला फरक सफाईचा, की मुळातलाच, हे कळलं नसतं. म्हणून चिठ्ठी टाकायची आणि नशिबावर सोडायचं. सफाई करायला डॉ. फरहीन होती. कुणाची सफाई झाली हे मला कळू द्यायचं नाही, असाही नियम होता, कारण कळलं की मोजणाऱ्याचा हात कळत नकळत झुकतो.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि लॅपटॉपवर तीन महिन्यांपूर्वीचा, पहिल्या दिवशीचा फोटो उघडला. आम्ही फक्त उघड्या तोंडाचा फोटो घेतो, चेहरा नसतो. फोटोत उजवीकडे खाली सरळ सरळ खिंडार होतं. म्हणजे लिहिण्यात चूक नव्हती.

"बसा तिकडे बाकावर," मी म्हटलं. "वंदनाताई, पुढचं नाव?"

"कमलबाई. ह्यांचीच धाकटी जाऊ."

कमलबाई आत आल्या. वय पन्नास असं कार्डावर होतं, दिसायला जरा जास्त वाटल्या. मी तोंड उघडायला सांगितलं. कमलबाईंच्या तक्त्यात उजवी खालची दाढ शाबूत होती. समोर खिंडार.

एकीची उगवली आणि दुसरीची त्याच जागची गेली. आता हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

माझा स्वभाव तापट आहे, हे मी लपवत नाही. शिवाय राग अर्धा स्वतःवरच होता. मला दात लक्षात राहतात, चेहरे राहत नाहीत. सुरुवातीला कुलथे सर म्हणाले होते, कार्डावर फोटो लावू. मीच तोऱ्यात म्हटलं होतं, "सर, मी याच जिल्ह्यातली. गावातल्या बायका मी ओळखते. फोटो कशाला?"

मी बाकाकडे वळले. "खरं नाव काय तुमचं?"

"सुमन."

"खोटं बोलू नका. सरकारी कागद आहेत हे. तीन महिने माझ्याशी नाटक करताय?" कागद सरकारी नव्हते, पण रागात मला तेवढंच सुचलं.

"सुमनच... म्याडम." त्यांच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. हातातलं कार्ड थरथरत होतं. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. पकडल्या गेल्या म्हणून घामाघूम झाल्यात. मी आवाज आणखी चढवला. नियम काय असतो, एवढ्या लोकांची मेहनत कशी वाया जाते, वगैरे वगैरे.

तेवढ्यात खुर्चीतली बाई उठून मला बाजूला सारत बाकाकडे धावली.

"आवो म्याडम, बोलू नका, तिला बघा! ती कमल हाय. सुमन मी हाय. माझ्यावर वरडा काय वरडायचं ते, पण तिला बघा आधी!"

बाकावरची बाई एका कुशीला कलंडत होती. अंग गारठलेलं, घामानं ओलं. डोळे उघडे, पण बोललेलं समजत नव्हतं. मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मधुमेह, उपाशी पोट, घाम, थरथर. दातांच्या कॉलेजच्या पहिल्या काही धड्यांत हे शिकवतात, आणि मी त्याला गुन्ह्याची कबुली समजत होते.

वंदनाताईंनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की आम्ही धावपळ करतो. आणखी खाली गेली तर माणूस बेशुद्ध होतो, आणि वेळेवर कुणी नसलं तर जातोसुद्धा. नशिबानं अजून गिळता येत होतं. माझ्या इमर्जन्सी बॅगेतलं ग्लुकोज पाण्यात कालवलं आणि घोट घोट पाजलं. पाजलं म्हणजे मी ग्लास धरला होता. "पी माय, गीळ, गीळ," असं म्हणत डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या थोरल्या जाऊबाई.

पंधरा मिनिटांनी साखर वर आली. कमलबाईंनी डोळे फिरवून सगळ्यांकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "जाऊबाई, तुमी सांगितलं काहून?"

"मंग मरू देऊ व्हय तुला?" सुमनबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन महिन्यांपूर्वी लिफाफे फोडले तेव्हा धाकटीला निघालं 'लगेच' आणि थोरलीला 'तीन महिन्यांनी'. घरी जाताना वाटेतच कमलबाईंनी कार्डं बदलली. पुढच्या आठवड्यात कमलबाईंच्या नावावर सफाई करून घेतली ती सुमनबाईंनी.

"पण का?" मी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"काहून म्हंजे?" कमलबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "जाऊबाईला भाकर चावंना झालती. मी पापुद्रा काढून मऊ मऊ देऊन राहिले, तरी घासाला रगत लागायचं. मला काय धाड भरली? मला निस्तं ब्रश करताना जरासं येतंय. मंग मला आत्ता आन् तिला तीन महिन्यानं, ह्यो कुठला न्याय? चिठ्ठीला काय कुणाची तकलीफ कळती व्हय, म्याडम?"

चिठ्ठीला तकलीफ कळत नाही म्हणूनच आम्ही चिठ्ठी टाकतो, हे मी गावात कितीदा समजावून सांगितलं होतं. पण मी निवडायला बसले असते तर मीही सुमनबाईंनाच आधी घेतलं असतं, हेही खरं होतं.

"आणि परत आपापली कार्डं का नाही घेतली?"

"एकदा बदलल्यावर कसं?" सुमनबाई म्हणाल्या. "तुमी म्हणला असता सफाई रद्द. आन् ती फरहीन डाक्टरीन पोरगी मला इतकी जपून करून राहिली व्हती."

"पण साखर एवढी खाली का गेली?" मी वंदनाताईंना विचारलं. "यांची साखर तर बऱ्यापैकी होती."

वंदनाताई भिंतीला टेकल्या. "आवो म्याडम, मधल्या निस्त्या रक्ताच्या तपासणीत कमलबाईची साखर लई चढलेली आली व्हती. रिपोर्ट आरोग्य केंद्रात गेला. तिथल्या डॉक्टरनं गोळी वाढवली. मीच घरी नेऊन दिली की वो त्यांना."

रिपोर्ट कमलबाईंच्या नावाचा. रक्त सुमनबाईंचं. मधल्या तपासणीलाही दोघी कार्डं बदलूनच आल्या होत्या. साखर चढलेली होती थोरलीची, आणि ती झपाट्यानं उतरवणारी गोळी महिनाभर खात होती धाकटी. आजही पहाटे गोळी घेऊन ती उपाशीपोटी रांगेत उभी राहिली होती.

"गरगरत नव्हतं का तुम्हाला?"

"गरगरायचं की. घाम बी यायचा. मंग गूळ खायचे."

"वंदनाताईंना सांगितलं का नाही?"

सांगितलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. तेवढ्यासाठी ही बाई महिनाभर गुळाच्या खड्यावर जीव सांभाळत होती. रक्त जाऊबाईचं होतं हे ध्यानात नाही आलं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "गोळी माझ्या नावानं आली. मी खाल्ली."

मला तिला दोन थपडा द्याव्याशा वाटल्या आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. सुमनबाईंनी घरून फडक्यात बांधून आणलेली भाकर तिला खायला लावली आणि गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेलं. ही गोळी शरीरात बराच वेळ टिकते. वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. तिथल्या डॉक्टरांनी गोळी बंद केली, संध्याकाळपर्यंत तिला नजरेखाली ठेवलं, आणि सुमनबाईंचं रक्त त्यांच्याच नावानं तपासायला घेतलं.

केंद्राच्या पायरीवर बसून मी कुलथे सरांना फोन लावला.

"सर, दोन पेशंट बदलले."

"सोडून गेले?"

"नाही. एकमेकींच्या जागी आल्या. जावा आहेत. तीन महिने."

"तुमच्या कसं लक्षात आलं?"

"दाढ उगवली सर."

मग मी सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीसचा आकडा ऐकल्यावर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पेशंट आता कशी आहे?"

"बरी आहे. भाकर खाल्ली."

"हं. आता लिहा. सगळं लिहून एथिक्स कमिटीकडे आजच पाठवायचं." एथिक्स कमिटी म्हणजे अभ्यासात कुणावर अन्याय होत नाही ना, कुणाला इजा होत नाही ना, यावर लक्ष ठेवणारं मंडळ. अभ्यास थांबवायचा अधिकार त्यांना असतो.

"दोघींना अभ्यासातून काढायचं का?"

"अजिबात नाही. ज्याच्या नावाचा जो लिफाफा, त्याच गटात मोजायचं. प्रत्यक्षात काहीही झालेलं असो. नको ती माणसं वगळायला लागलो की हवं ते उत्तर निघतं."

"सर, फोटोचं तुम्ही म्हणाला होतात. मीच नको म्हटलं होतं."

"तेही लिहा," सर म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी लिहिलं. पेशंटच्या घामाचा अर्थ मी चुकीचा लावला आणि काही मिनिटं वाया घालवली, हेही लिहिलं. कारणाच्या रकान्यात मी भाकरीच्या पापुद्र्यापासून सुरुवात केली होती. सरांनी ते खोडून 'कौटुंबिक कारण' एवढंच ठेवलं. कमिटीनं अभ्यास चालू ठेवायला परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. एका घरातल्या दोघींना घ्यायचं नाही, आणि प्रत्येक कार्डावर फोटो लावायचा. तिसरी अट माझी मीच घालून घेतली. खुर्चीत बसलेल्या माणसाचा आधी चेहरा बघायचा, मग दात, आणि कागद सगळ्यांत शेवटी.

सुमनबाईंची गोळी वाढली. त्यांना पापुद्र्यासकट भाकर चावता येते. कमलबाईंना गरगरत नाही. सफाई त्यांचीच राहिली होती, तीही फरहीननं केली, आणि त्या दिवशी सुमनबाई खुर्चीशेजारी उभ्या राहून "जपून कर गं लेकरा" म्हणत होत्या.

कार्डांसाठी फोटो काढायचे तेव्हा दोघी एका बाकावर बसल्या आणि काही केल्या वेगळ्या होईनात. कमलबाई म्हणाल्या, एकटीचा फोटो चांगला येत न्हाई. शेवटी एकच काढला आणि मी तो कात्रीनं मधोमध कापला. तरी कमलबाईंच्या कार्डावर खांद्याशी एक हात राहिलाच, हिरव्या बांगड्यांचा. नियमाप्रमाणे कार्डावर चेहरा एकच हवा. चेहरा एकच आहे. हात कुणाचा, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाही, म्हणून मी लिहिलेलं नाही.