खोटं सोडलेल्या बाईचा प्लॉट

मागच्या आषाढी एकादशीला देवापुढं हात जोडून मी एक नेम धरला होता: चार महिने खोटं बोलणार नाही. त्या चार महिन्यांतच मी प्लॉटच्या धंद्यात पडले! तेव्हापासून माझ्याकडं किस्से साचलेत. हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस कसे साचतात, मापाचा एकही नसतो पण टाकवतही नाहीत, तसे. आज सोमवार, माझा उपास आहे, तुम्हालाही वेळ आहे. बसा.

तर चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. वांगं मी आठ वर्षांपूर्वीच सोडलं. कांदा-लसूण दरवर्षी सोडते. चहा सोडला तर त्रास मला कमी अन् आमच्या ह्यांना जास्त होतो. देवळातले महाराज म्हणाले, "मग खोटं सोडा."

मी हसले. "माझं कुठं एवढं खोटं असतं, महाराज?"

देवळातून घरी येईपर्यंत मी एका बाईला "साडी काय शोभतेय!" म्हणाले, रिक्षावाल्याला "सुट्टे नाहीत" म्हणाले, अन् ह्यांना फोनवर "भाजी फोडणीला टाकलीय" म्हणाले. भाजी अजून मंडईतच होती! तेव्हा कळलं, वांगं सोडणं किती सोपं असतं ते.

*

श्रावणात माझा भाऊ बालाजी लातूरहून नांदेडला आला. तो तिकडं प्लॉटची एजंटगिरी करतो. हातात दोन मोबाईल, खिशात तीन पेनं, अन् बोलताना सगळे आकडे लाखात.

"अक्का, तू धंदा कर. पैसा लागत न्हाई."

"पैशाशिवाय प्लॉट कोण देतं रे?"

"घ्यायचा कुठं हाय? मालकाला थोडा इसार द्यायचा. बॉण्डवर लिहून घ्यायचं, तीन महिन्यांत ह्या भावानं खरेदी. अन् मुदतीच्या आत आपण वरच्या भावाचं गिऱ्हाईक आणायचं. खरेदीखत मालकाचं अन् गिऱ्हाइकाचं. वरचा फरक गिऱ्हाईक आपल्याला वेगळा देतंय. आपण नुसतं मधी उभं राहायचं!"

"अन् गिऱ्हाईक नाही मिळालं तर?"

"तर इसार बुडाला. पण मिळतंय गं! ह्या धंद्यात भांडवल म्हंजे जीभ."

"जीभच तर मी चार महिन्यांसाठी देवाला दिलीय!"

बालाजीनं कपाळाला हात लावला. "सोनं दे, चांदी दे. जीभ कशाला दिलीस, अक्का?"

*

इसाराला माझ्याकडं होते पंचवीस हजार. उद्यापनाचे. आम्ही दोघांनी जोडीनं सोळा सोमवार केले होते, त्याचं उद्यापन राहिलं होतं. सतरा जोडपी जेवायला, वर साडी-चोळी, टॉवेल-टोपी. पाच वर्षं दळणाच्या डब्यात साठवलेला पैसा.

ह्यांनी तर सोळाही सोमवार माझ्यापेक्षा कडक पाळले होते. माझं वजन तीन किलोनं उतरलं, ह्यांचं दोन किलोनं वाढलं. "देवाची कृपा," म्हणाले. संध्याकाळी स्टँडकडं एक चक्कर मारून यायचे, उपासानं डोकं जड होतं म्हणून. आल्यावर इतके प्रसन्न दिसायचे की मला वाटायचं, ह्यांची भक्ती माझ्यापेक्षा खोल आहे.

आता महादेवाच्याच पैशाला हात लावायचा, तर महादेवाला विचारायला नको? मी पिंडीवर उजवीकडं एक फूल ठेवलं, डावीकडं एक. उजवं पडलं तर हो. डोळे मिटले. टपकन उजवं फूल पडलं!

मी रडायलाच लागले. "बघा, देवानं कौल दिला!"

हे म्हणाले, "दिला खरा. पण पंखा चारवर होता."

मी पंखा बंद केला नाही, देवाला पुन्हा विचारलंही नाही. विचारायचं कशाला? पंखा कुणी निर्माण केला?

*

प्लॉट मिळाला नायगावच्या कडेला. मालकीण विमलबाई, सत्तरीच्या, तोंडानं फटकळ. नायगाव सोडून लेकीकडं लातूरला कायमचं राहायला निघाल्या होत्या.

मी नेमानं बोलले. "विमलबाई, मी हा प्लॉट स्वतःला घेत नाही. दुसऱ्याला जास्त भावानं देणार आहे."

"कुणालाबी दे. मला तीन महिन्यांत मोकळी कर. दोनच गोष्टी सांगते. प्लॉटात पावसाचं पानी साचतंय. गुडघ्याएवढं. अन् शेजारी माझा दीर राहतोय, त्याला शेणाचा वास सोसत न्हाई. गाई-म्हशीवाला आणला तर चारच्या वर जनावर नको."

बॉण्ड झाला. मुदत संपायची तारीख कार्तिकी एकादशीनंतर चार दिवसांनी येत होती. बालाजी बोटं मोजून म्हणाला, "बरं झालं! नेम सुटल्यावर तुला खोटं बोलायला चार दिवस मिळतेत!"

*

पहिलं गिऱ्हाईक उमरीचं. नवरा-बायको दोघं शिक्षक, प्लॉट बघून खूश. बाईंनी तर तुळस कुठं लावायची तेही ठरवलं. सरांनी सहज विचारलं, "पाणी-बिणी साचत नाही ना?"

बालाजी लगेच म्हणाला, "छे छे! उतार हाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी देवाचं नाव घेतलं अन् सांगितलं, "साचतं. गुडघ्याएवढं. दिवाळीपर्यंत. तुळस कुंडीत लावा."

त्यांची गाडी उमरीच्या रस्त्याला लागेपर्यंत बालाजी हात हलवत राहिला. मग म्हणाला, "अक्का, तू प्लॉट विकून राहिलीस का लोकांला वाचवून राहिलीस?"

*

मग फोन यायला लागले. तिथंही तेच.

"स्टँडपासून किती लांब आहे?"

"चालत पस्तीस मिनिटं. माझे गुडघे दुखतात, तुमचे चांगले असले तर तीस."

"भाव वाढेल का पुढं?"

"तेवढं मला कळलं असतं तर मीच नसता का ठेवला?"

एक गिऱ्हाईक तर शेवटी म्हणालं, "बाई, प्लॉटचं राहू द्या. आमच्या पोराला एक स्थळ आलंय, तुम्ही तेवढं बघून येता का?"

*

बालाजीनं बोर्ड लावायचं ठरवलं. आजूबाजूच्या बोर्डांवर लिहिलेलं असतं: 'स्टँडपासून पाच मिनिटे.' कोणत्या गाडीनं, ते कुणी लिहीत नाही. मी पेंटरला सांगितलं, लिहा: 'प्लॉट विकणे आहे. रस्ता कच्चा आहे, पक्का होईल असं लोक म्हणतात. पावसात पाणी साचते. शेजारी चांगले आहेत, फक्त वास सोसत नाही.'

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. "वहिनी, एवढं खरं लिहायचं तर पत्रा मोठा लागंल."

पत्रा परवडला नाही. शेवटी बोर्डावर 'प्लॉट' एवढंच लिहिलं अन् खाली माझा नंबर.

दसरा आला तरी गिऱ्हाईक नाही. मी रोज सकाळी पिंडीवर पाणी घालायची अन् सांगायची, "देवा, तुझ्याच उद्यापनाचा पैसा आहे. बुडाला तर सतरा जोडपी तुझीच उपाशी राहतील. मला काय, मला सवय आहे."

*

दसऱ्यानंतर मुखेडचे गणपतराव आले. म्हशींचे व्यापारी. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, अन् आवाज असा की दोन शेतं पलीकडची म्हैस वळून बघेल.

मी आधीच सांगून टाकलं, "गणपतराव, गुडघ्याएवढं पाणी साचतं."

"किती दिस राहतंय?"

"दिवाळीपर्यंत."

त्यांचे डोळे चमकले. "ताई, म्हशीला आणखी काय पाहिजे? बोला!"

"पण म्हशी किती? मालकिणीची अट आहे, चारच्या वर नको."

"चार. मोजून चार."

आता भाव. गणपतरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पसरला अन् त्याखाली हात घातला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून करतात, म्हणजे चारचौघांना कळत नाही. पण माझा हात धरायचा कसा? परक्या बाईचा! मग त्यांनी आमच्या ह्यांचा हात आत ओढला.

आमचे हे तीस वर्षं कापड दुकानात कापड मोजतात. पण कापडाखाली काय चालतं त्याचा त्यांना पत्ता नाही. गणपतरावांनी दोन बोटं दाबली. हे "ई!" करून ओरडले. तीन दाबली, हे खदखदून हसायला लागले. ह्यांना गुदगुल्या फार होतात!

"हसून राहिले म्हंजे हाव का न्हाई?" गणपतरावांनी घाबरून विचारलं.

मी म्हटलं, "सोडा त्यांना. मी मोठ्यानं सांगते. विमलबाईंचा भाव ठरलेला आहे, तो खरेदीखतावर येईल. त्याच्यावर आम्हाला पन्नास हजार द्या."

गणपतरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "असं उघड्यावर भाव बोलतेत का, ताई! म्हशीबी लाजतेत!"

शेवटी बालाजीनं टॉवेलखाली हात घातला. पाच मिनिटं दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले. टॉवेल निघाला तेव्हा चाळीसवर ठरलं होतं अन् बालाजीचं अंगठ्याशेजारचं बोट सुजलं होतं.

*

आता सगळ्यांत भारी.

खरेदी ठरली भाऊबीजेनंतर. नेम सुटायला अजून पाच दिवस होते. आदल्या दिवशी बालाजी चिंतेत. "अक्का, मालक अन् गिऱ्हाईक उद्या समोरासमोर येणार. म्हातारीनं विचारलं, तुला वरचं किती सुटलं, तर तू सांगशील. आकडा ऐकून ती उठून जाईल. मग ना खरेदी, ना इसार, ना उद्यापन."

"विचारलं तर सांगावंच लागेल."

त्यानं दोन्ही मोबाईल खाली ठेवले. मग एकदम उजळला. "मौन धर! दिवस मावळेपर्यंत. मौनात खोटंबी न्हाई अन् खरंबी न्हाई. देव खूश, म्हातारी खूश!"

मला खरंच वाटलं, ही बुद्धी देवानंच दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रजिस्ट्री ऑफिसात बाकावर बसलो. मी, हे, बालाजी, विमलबाई अन् गणपतराव. कागद तयार, फक्त सह्या बाकी. अन् विमलबाई माझ्याकडं वळल्या.

"काय गं, तुला ह्याच्यात वर किती सुटलं?"

मी ओठांवर बोट ठेवलं. बालाजी पटकन म्हणाला, "मावशी, अक्काचं आज मौन हाय."

"मौन हाय व्हय?" विमलबाईंनी त्याच्या खिशातलं पेन काढलं, पिशवीतून लग्नपत्रिका काढली, तिची कोरी बाजू वर केली अन् माझ्या मांडीवर ठेवली. "मग लिहून दाखीव. आमच्या सासूबाई मौनात लिहू लिहू भांडायच्या."

बालाजीनं डोळे मिटून घेतले. मला दळणाचा डबा दिसला, सतरा रिकामे पाट दिसले. पण महादेव बघत होता. मी लिहिलं: 'चाळीस हजार.'

विमलबाईंनी चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता उठतात. पण त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं अन् खाली सावकाश लिहिलं: 'पानी गुडघ्याएवढं न्हाई. कमरेएवढं.'

गणपतरावांनी मान लांब करून वाचलं. वाचून टॉवेलनं तोंड पुसलं. मग पेन मागितलं अन् लिहिलं: 'म्हशी अकरा.'

कुणी कुणाकडं बघेना. पंखा तेवढा फिरत होता.

मग विमलबाईंनी नाक ओढलं, पदर सारखा केला अन् टेबलापाशी जाऊन म्हणाल्या, "साहेब, सही कुठं करायची? चला बिगीबिगी. मला काय, मी चालले लातूरला. आता दीर जाणं अन् म्हशी जाणं!"

सह्या झाल्या. इसाराचे पंचवीस परत मिळाले, वर चाळीस हजार हातात आले. पत्रिका माझ्याकडंच राहिली.

परतीच्या बसमध्ये ऊन खिडकीतून आत येत होतं. माझं मौन अजून सुटलं नव्हतं. हे शेजारी बसून किती तरी वेळ त्या पत्रिकेकडं बघत होते. मग म्हणाले, "पेन आहे का गं?"

मी दिलं. ह्यांनी 'म्हशी अकरा'च्या खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, पत्रिका माझ्या हातात ठेवली अन् खिडकीबाहेर बघायला लागले. मी वाचलं:

'भजे. स्टँडवरचे. सोळाही सोमवार.'

दिवस मावळायला अजून दोन तास होते.

तर, हा माझा दुसऱ्या खेपेचा नववा सोमवार. सगळं ऐकलंत, आता माझं एक ऐका. यंदाच्या आषाढीला वांगं राहू द्या, तुम्हीही हेच सोडून बघा. चारच महिने. फक्त एक करा, घरात पेन असं ठेवा की कुणालाही सापडेल.