चंदगडच्या डोणीत तरंगलेली सुई

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं. फोटोचं मी फक्त निमित्त केलं.

माझा नाद तुम्हाला ठाऊक आहे. पाण्यावर मोहरी, टिकली, टाचणी अलगद ठेवायची आणि मोबाईल पाण्याला टेकेल इतका खाली धरून फोटो काढायचा. पाण्याला वर ताणलेली साय असते, हलकी वस्तू तिच्यावर बसून राहते. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे यापुढचं शास्त्र विचारू नका. सुई मात्र मला कधीच जमली नव्हती. हात कापतो.

सुमनचे कॅन्सरचे उपचार उन्हाळ्यात सुरू झाले आणि पावसाळा सरता सरता संपले. केस गेले. तेव्हापासून ती डोक्याला स्कार्फ बांधते आणि माणसं टाळते. चंदगडकडच्या अक्काला तिनं "जरा अशक्तपणा हाय" एवढंच सांगितलं होतं. अक्का फोनवर बोलवायची, ही कारणं काढायची. ज्या बहिणीनं हिला कडेवर घेऊन वाढवलं, तिलाच ही तोंड दाखवेना. अशीच चालढकल होत राहिली आणि दोघींची भेट राहूनच गेली तर? या विचारानं मला जेवण जाईना.

दिवाळी झाल्यावर मी म्हणालो, "अक्काच्या अंगणात काळ्या दगडाची डोण आहे, गुरांच्या पाण्याची. काळ्यावर सुई उठून दिसेल."

"सुईसाठी एवढ्या लांब?" ती म्हणाली. सगळी भाजी निवडून झाली. मग म्हणाली, "जाऊया. पर स्कार्फ मी काढणार न्हाय. आनि तुमी तोंड उघडायचं न्हाय."

कसबा बावड्यातून रिक्षानं मध्यवर्ती स्टँडवर आलो आणि गडहिंग्लजमार्गे चंदगडला जाणारी सकाळची एसटी धरली. आम्हा दोघांनाही अर्धं तिकीट. मला आधारकार्ड दाखवावं लागतं, आणि ते सापडेना म्हणून मी सगळे खिसे उलटे केले. कार्ड सुमनच्या पिशवीत होतं. गडहिंग्लजला गाडी जरा थांबते, चहा आणि गरम भजी मिळतात. गाडी सुटेल म्हणून मी उतरेना.

"आजोबा, माझ्याबिगर गाडी सुटती व्हय? उतरा की," कंडक्टर म्हणाला.

तरी मी खिडकीतूनच चहा घेतला. निम्मा शर्टावर सांडला.

पुढे ऊस मागे पडतो. माती तांबडी होते, काजूच्या बागा लागतात. या दिवसांत भाताची कापणी चाललेली असते. स्वेटर जवळ ठेवा, आणि मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. चंदगडच्या स्टँडबाहेरून गावाला वडाप मिळतं, म्हणजे माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप. सुमन सगळ्यात मागे, कोपऱ्यात बसली.

अक्का दारातच उभी होती. "आलीस व्हय गं! आनि ह्यो स्कार्फ कशाला?"

"थंडी वाजती."

"भर दुपारची?"

मी चपला काढण्यात गुंतलो. जेवायला नाचणीची भाकरी आणि काजूची आमटी होती. आमटी इतकी चांगली होती, पण माझं सगळं लक्ष त्या स्कार्फच्या गाठीवर. रात्री दोघी एकाच वाकळेत, म्हणजे गोधडीत, निजल्या. सकाळी पाहतो तर गाठ जशीच्या तशी.

पाण्याचे फोटो सकाळीच काढावेत. वारा पडलेला असतो. मी अंगणात गेलो तर अक्कानं डोण चकचकीत करून भरून ठेवली होती. "पावणं फोटो काढनार म्हनून साबणाचा चुरा टाकून घासलीया बघा!"

पहिली मोहरी टाकली, बुडाली. टिकली बुडाली. साबणाचा अंश राहिला की पाण्यावरची साय टिकत नाही. आता तिला हे सांगायचं कसं? शेवटी सुमन बोलली, "अक्का, साबणानं ह्यांचं पानी फाटतं."

"फाटतं? पानी हाय का दूध!" म्हणत अक्कानं सगळी डोण उपसली, चार वेळा खळबळून पुन्हा भरली. मग मोहरी तरंगली. टिकलीही.

सुईसाठी अक्कानं वाकळ शिवायला घेतलेली सुई काढून दिली. मी ठेवली, बुडाली. पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा बुडाली.

"पावणं, हात हाय का पिंपळाचं पान?"

"द्या हिकडं," म्हणत सुमननं सुई घेतली.

आमच्याकडच्या बाया वाकळ शिवताना मधेमधे सुई डोक्यावर घासतात. केसांचं तेल लागलं की ती कापडातून सरसर जाते. सुमननं जन्मभर तेच केलेलं. सवयीनं तिच्या हातानं स्कार्फ मागे सारला आणि सुई डोक्याला लावली. तिथंच तो हात थांबला.

अक्का बघत राहिली.

"हे काय गं," अक्का हळू म्हणाली, "भात कापल्यालं रान?"

कुणी हसलं नाही. अक्कानं तिच्या डोक्यावरून तळवा फिरवला. "कवा?"

"उन्हाळ्यात."

"आनि मला सांगितलं न्हाईस."

"तू रडली असतीस."

"मग? रडाय नको व्हय मी?"

पदरानं डोळे पुसून अक्का सुमनसमोर बसली आणि स्वतःचा डोक्यावरचा पदर खाली घेतला. मान वाकवून म्हणाली, "तुझ्यात त्याल कुठलं आता? घे. माझ्या डोस्क्यावर घास."

सुमननं अक्काच्या पांढऱ्या भांगावरून सुई फिरवली. हळूहळू, गरजेपेक्षा बराच वेळ. मग दोन बोटांत आडवी धरून पाण्यावर सोडली.

सुई राहिली. तिच्या भोवती पाणी दबलं होतं, फाटलं नव्हतं. त्यात आभाळाची कड वाकलेली दिसत होती. मी फोटो काढले. एका टोकाला सुई धूसर आली आहे, दोष माझ्या हाताचा. तुम्ही करून बघणार असाल तर बोटं कोरडी ठेवा, सुईला तेलाचं नुसतं बोट लावा आणि ती आडवीच टेकवा.

परतीच्या गाडीत वारं लागत होतं, म्हणून मी खिडकी लावायला उठलो. सुमन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की." तिचं डोकं उघडं होतं. तिला सर्दी होईल म्हणून मी निपाणीपर्यंत घोर करत बसलो.

सर्दी झाली नाही. घरी येऊन आठवडा झाला. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, आणि माझी धास्ती काही कमी झालेली नाही. फोटो बऱ्याच जणांना आवडला. परवा सुमननं स्वतःहून अक्काला फोन लावला. मी शेजारीच चहा पीत होतो. "अक्का, तपासणीला संगं येशील काय? मला लई भ्या वाटतंय गं," ती म्हणाली.

दवाखान्याच्या बाकावर इतके महिने मी तिच्या शेजारी बसलोय. तिलाही भीती वाटते, हे मी पहिल्यांदा ऐकलं.