बहिणीनं दिलेली शिक्षिका

हिर्डोशी मागं टाकून वरंध्याच्या बाजूला निघालं की रस्त्यालाच खिंडवाडी लागते. एसटी तिथं थांबते. उंबरमाळच्या माणसांनी तिथं उतरायचं आणि पुढची चढण पायी चढायची. उंबरमाळची चंद्राबाई मात्र एसटीतून उतरली की मान वळवून धरणाच्या पाण्याकडं बघत चालायची. कारण दुसऱ्या अंगाला खिंडवाडीची जिल्हा परिषदेची शाळा होती आणि ती तिला बघवत नव्हती.

शाळा होतीच तशी. भिंतींवर पाढे, फुलपाखरं, महाराष्ट्राचा नकाशा. अंगणात घसरगुंडी. वर्गात भिंतीएवढा पडदा, त्यावर कविता चित्रांसकट हलायच्या. जिल्ह्यानं ती आदर्श शाळा म्हणून निवडली होती, आणि पुण्याहून माणसं गाड्या करून ती बघायला यायची. एवढं सगळं चंद्राबाईनं कदाचित सोसलंही असतं. पण त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती रत्ना, तिची सख्खी धाकटी बहीण.

दोघींचं माहेर वेल्ह्याकडचं, विंझरचं. रत्ना जन्मली तेव्हा चंद्रा शाळेत जात होती आणि तिला शाळा आवडायची. आई रानात जायची, मग पाळण्यापाशी कोणी बसायचं? चौथी झाल्यावर चंद्राचं दप्तर खुंटीला लागलं. पाळण्यातली रत्ना मात्र पुढं बारावीपर्यंत शिकली. दोघींची लग्नं एकाच खोऱ्यात झाली, पण रत्नाला रस्त्यावरचं घर मिळालं, नवऱ्याचा टेम्पो मिळाला. चंद्राच्या वाट्याला डोंगरावरची भाताची खाचरं, नाचणीची वरकस जमीन आणि नवरा गेनू. गेनू माणूस चांगला होता. पण चांगला माणूस काही रस्त्यावरनं दिसत नाही.

रत्ना वाईट असती तर बरं झालं असतं. ती बहिणीसाठी साड्या पाठवायची, भाचीला कपडे पाठवायची. चंद्राबाई ते सगळं घडी न मोडता पेटीत ठेवून द्यायची.

रत्ना अध्यक्ष झाल्याचं कळलं त्याच महिन्यात उंबरमाळच्या शाळेत पालकांची सभा होती. "अध्यक्ष कोण होणार?" असं सोमनाथ गुरुजींनी विचारलं. सगळे खाली बघत बसले. चंद्राबाई उभी राहिली.

"मी हुईन."

गेनू घरी येऊन म्हणाला, "तुला कशाला गं ही उठाठेव?" तिनं भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

उंबरमाळची शाळा म्हणजे एक खोली आणि एक गुरुजी. पहिलीपासून चौथीपर्यंतची पोरं चार कोपऱ्यांत बसायची आणि गुरुजी मधे उभे राहून चारी बाजूंना वळायचे. त्यात कधी प्रशिक्षण, कधी मतदारयाद्या, कधी भोरला मीटिंग. गुरुजी खाली गेले की शाळा बंद पडायची. मग चंद्राबाईच पोरांना गोळा करून येतील तेवढे पाढे म्हणवून घ्यायची.

तिची वैष्णवी आणि रत्नाची शिवानी दोघी तिसरीत. एकदा रत्नाच्या जावेकडं बारसं होतं. जेवणं उरकल्यावर कोणीतरी शिवानीच्या हातात वर्तमानपत्र दिलं. पोरीनं अख्खा रकाना घडाघडा वाचून दाखवला. बायका कौतुक करू लागल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "आता चंद्रीच्या पोरीला द्या की." वैष्णवीनं कागद हातात घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत ती दोन शब्दांपर्यंत पोचली आणि थांबली. आईकडं बघू लागली.

रत्ना चटकन म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, दमलीया ती."

चंद्राबाईनं पोरीच्या हाताला धरलं आणि तशीच निघाली. चढणीवर पोरगी रडत होती, तिला उचलून घ्यायचंही चंद्राबाईला सुचलं नाही. शिवानीचा नव्हे, त्या वर्तमानपत्राचाही नव्हे, रत्नाच्या त्या "ऱ्हाऊ दे"चा तिला राग आला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गुरुजींनी निरोप दिला. पुढच्या वर्षाचा शाळांचा आराखडा ठरणार होता. भागातल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष एकत्र बसणार होते. प्रत्येक शाळेनं आपली गरज सांगायची.

"काय मागायचं, ताई?" गुरुजींनी विचारलं.

"पडदा. घसरगुंडी. भिंतीवर चित्रं."

"ताई, आपल्याकडं लाईट टिकत न्हाई. पडदा लावून काय करायचं?"

"त्यांच्याकडं हाय ना? मंग आपल्याकडं पायजे."

सभेला नवे केंद्रप्रमुख होते, इंद्रजित सर. या भागातल्या शाळांवर देखरेख त्यांची. बोलायला सरळ माणूस. ते म्हणाले, "आजपर्यंत पटावर पैसे मिळत आले. जिथं पोरं जास्त, तिथं पैसे जास्त. त्यामुळं रस्त्यावरच्या शाळा मोठ्या होत गेल्या आणि डोंगरातल्या तशाच राहिल्या. या वर्षी आपण उलटं करून बघू. तिसरीच्या प्रत्येक पोराला वाचता यावं, हे एकच उद्दिष्ट. कुठली पोरं त्यापासून लांब आहेत ते आधी बघायचं, आणि वाटप त्यावरून." मग त्यांनी सांगितलं की मानधनावर एक जादा शिक्षिका या भागाला मिळणार आहे. एकच.

चंद्राबाईची पाळी आली. ती उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली, "आमाला पडदा पायजे, घसरगुंडी पायजे आन् भिंती रंगवून पायजेत."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. इंद्रजित सरांनी विचारलं, "आणि शिक्षक नको?"

खिंडवाडीला तीन शिक्षक होते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रस्त्यावरून जाताना भिंती दिसतात, घसरगुंडी दिसते. आत कोण शिकवतं ते दिसत नाही. जे दिसलं त्याचाच तिनं हेवा केला होता आणि तेवढंच मागितलं होतं. ती खाली बसली.

तेवढ्यात रत्ना उठली. "सर, जादा शिक्षिकेसाठी पहिला अर्ज आमच्या शाळेचा हाय. तो आमी मागं घेतो. आमच्याकडं तीन शिक्षक हायेत. ही बाई उंबरमाळला द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान डोलवली. शिक्षिका उंबरमाळला मिळाली, आणि चंद्राबाईला वाटलं, आपल्याला कोणीतरी भर बाजारात थोबाडीत मारली.

एसटीच्या थांब्यावर तिनं रत्नाला गाठलं.

"कुणी सांगितलं हुतं तुला मधे पडायला?"

"आक्का, अगं तुझ्याकडं चार वर्ग आन् एकटं गुरुजी..."

"माझ्या शाळेचं मी बगीन. समद्यांच्या म्होरं मला मागती केलीस. साड्या देती, कपडे देती, आता मास्तरीन बी तूच देनार?"

रत्नाचे डोळे भरले. "तू मला सांभाळलंस म्हणून मी शिकले, आक्का. मला काय ते कळत न्हाई व्हय?"

"मंग तवाच का न्हाई बोललीस? माझी शाळा सुटली तवा?"

"तवा मी पाळण्यात हुते गं!"

चंद्राबाईला हसू फुटणार होतं. तिनं ते दातांखाली दाबलं आणि एसटीत लांबच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना सांगितलं, "कळवून टाका, आमाला बाई नको."

गुरुजी म्हणाले, "कळवतो. पन आदी पालकांना इचारू."

पालक जमले. त्यात ठकुबाई होती. तिचा लेक आणि सून पुण्यात कामाला, नातवंडं तिच्यापाशी. चंद्राबाईचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाई कुणी दिली त्याच्याशी आमाला काय करायचं? तुमी भनी-भनी काय ते घरी भांडा. माझा नातू आता चौथीत जाईल आन् त्याला सवताचं नाव लिवता येत न्हाई."

बाई नको म्हणायचा विषय तिथंच मिटला. चंद्राबाई मुकाट्यानं घरी आली.

शिक्षिका आली ती भोरची, नसरीन नावाची. खिंडवाडीपर्यंत स्कूटीवर यायची, तिथून चढून वर. पहिल्या आठवड्यात तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तर दोरी बांधून ती चढली. तिनं पहिली-दुसरीची पोरं गुरुजींकडं ठेवली, तिसरी-चौथीची व्हरांड्यात घेतली. पुस्तक बाजूला ठेवून आधी पोरांना ठाऊक असलेले शब्द लिहून घेतले. हिरडा, करवंद, खाचर, खेकडा. मग त्या शब्दांची वाक्यं. पोरं तिच्याभोवती मधमाश्यांसारखी बसायची.

चंद्राबाई कामाचं निमित्त काढून कुडाआडून बघायची. घरी वैष्णवीच्या तोंडी सारखं "बाई म्हनाल्या, बाई म्हनाल्या" असायचं. आता तिला नसरीनचाही मत्सर वाटू लागला. माझी पोरगी, आणि मला जे देता आलं नाही ते ही कोण कुठली येऊन देते. भातलावणी झाली, कापणी झाली. एका दुपारी वैष्णवीनं खताच्या रिकाम्या पोत्यावरची सगळी अक्षरं न अडखळता वाचली. चंद्राबाईनं पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर तोंड ठेवून बराच वेळ बसली. एवढ्यात शेजारीण म्हणाली, "रत्नाताईनी लई पुन्याचं काम केलं बग." झालं. सुखात खडा लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा आराखड्याची सभा भरली. इंद्रजित सरांनी शाळाशाळांचं वाचन सांगितलं. उंबरमाळची तिसरी-चौथी आता वाचत होती. मग ते म्हणाले, "धरणाकाठी कातकऱ्यांची वस्ती आहे. तिथली पोरं कुठल्याच शाळेच्या आराखड्यात नाहीत. आईबापांबरोबर कामावर जातात, परत येतात. त्यांच्यासाठी जादा माणूस मिळालेला नाही. काय करायचं?"

चंद्राबाईनं रत्नाकडं बघितलं. रत्ना पदर सावरत होती. उठण्याआधी ती नेहमी पदर सावरते, हे चंद्राबाईला लहानपणापासून ठाऊक होतं.

चंद्राबाई ताडकन उभी राहिली. "आमची बाई निम्मा आठवडा तिकडं जाऊ द्या. आमची पोरं आता वाचाय लागल्यात. तेवढं दिस गुरुजी आन् मी बगू."

तिनं पालकांना विचारलं नव्हतं. गुरुजी चमकून तिच्याकडं बघू लागले. पण सर म्हणाले, "ताई, असंच वाटप हवंय आपल्याला," आणि टाळ्या वाजल्या. रत्नाही टाळ्या वाजवत होती. जरा सावकाश.

परतताना दोघी एसटीत शेजारी बसल्या. रत्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी उठनारच हुते, आक्का. आमच्यातला एक शिक्षक देनार हुते."

"मंग दे की. कोन नको म्हनतंय?"

"आता काय उपयोग? तू आदी बोललीस."

त्या आवाजात थोडं काहीतरी टोचलेलं होतं. चंद्राबाईनं ते नेमकं ओळखलं. इतकी वर्षं तिच्या पोटात जे राहत होतं, त्याचाच एवढासा तुकडा आज रत्नाच्या गळ्यात अडकला होता. तिनं पिशवीतली करवंदं काढून बहिणीपुढं धरली. रत्नानं मूठभर घेतली.

न विचारता बाई दिली म्हणून ठकुबाई पुढं आठवडाभर भांडली. चंद्राबाईनं ऐकून घेतलं. मग एक तोडगा निघाला. नसरीन तीन दिवस वस्तीवर जायची आणि उरलेले दिवस वर यायची. वस्तीवरच्या पोरांची नावं खिंडवाडीच्या पटावर चढली, आणि नसरीन वर असेल त्या दिवशी रत्नाच्या नवऱ्याचा टेम्पो सकाळी त्यांना तिथल्या शाळेत सोडू लागला. रत्नानं तेवढी संधी सोडली नाही.

पहिल्या आठवड्यानंतर नसरीन उंबरमाळला आली, तेव्हा चंद्राबाई तिला वाटेतच भेटली. पोरं कशी आहेत, बसतात का, जेवतात का, सगळं विचारून झालं. मग तिनं विचारलं,

"तिकडं त्यास्नी सांगितलंस का, तुला कुणी पाठवलं ते?"

"सांगितलं की. उंबरमाळच्या चंद्राताईंनी."

"आन् रत्नाचं नाव?"

"नाही घेतलं."

चंद्राबाईनं नसरीनच्या हातातली वह्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. "घेत जा अधनंमधनं," ती म्हणाली. "टेम्पो तिचा हाय."