वगळलेल्यांचे सामने

काल सकाळी रेश्मा मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारत होती. वाकून, इतक्या निगुतीनं, की जणू कॅमेरेच लागणार आहेत. ती आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या कबड्डी संघाची कर्णधार आणि मी तिथला क्रीडाशिक्षक.

यंदापासून आंतरमहाविद्यालयीन सामने टीव्हीवर दिसणार आहेत. चॅनेलचा पैसा सामने भरवणाऱ्या संघटनेच्या सभासद कॉलेजांत वाटला जाणार, म्हणून सभासदच कमी करायचं ठरलं. बैठकीत अध्यक्ष मला म्हणाले, "सर, तुमच्याकडे मॅट नाही, हॉल नाही. तुमचं सभासदत्व राहणार नाही. पण रेश्माला शहरातल्या कॉलेजात पाठवा, पोरीचं भलं होईल."

मी हे मुलींना सांगितलं. रेश्मा लगेच म्हणाली, "मी नाही जाणार. आणि सर, वगळलेले आपण एकटेच थोडे आहोत? बाकीच्यांनाही बोलवा की इथे!"

काल दुपारी ते सगळे संघ आले. खेळ विकता येतो, हे मला पटतं. पण चढाईला गेलेल्या मुलीनं छातीत धरून ठेवलेला दम कोण विकत घेणार? तो तिचा असतो, आणि तिच्यासोबत श्वास रोखून बसलेल्या लोकांचा.

अंतिम सामना ऐन रंगात असताना अध्यक्षांचा फोन आला. "सर, या सामन्यांना संघटनेची मान्यता नाही."

तेवढ्यात रेश्मानं तिघींना बाद करून मधली रेषा गाठली आणि सारं मैदान उठून उभं राहिलं.

"साहेब, जरा मोठ्यानं बोला," मी म्हणालो, "इथे लोक फार ओरडतायत."